सोंग, पाझर आणि दाराची कडी

‘सोंग’ या शब्दाला मराठीत दोन टोकांचे अर्थ आहेत. सोंग घेतो तो फसवतो, असे आपण म्हणतो. आणि सोंग चांगले वठले की त्याच माणसाची पाठ थोपटतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत हा दुसरा अर्थ अजून पुरता जिवंत आहे. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडई सुरू होतात. धान घरात येऊ लागलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. साकोलीच्या माणसाला ‘रात्र थोडी, सोंगे फार’ या म्हणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पहाटेपर्यंत जागून त्याने तो पाहिलेला असतो.

सोंगाकडे पाहण्याची एक वेगळी विद्या गेल्या काही दशकांत पश्चिमेत वाढली आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ प्रसिद्ध केला. पुढे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांत अंगावर वेश घेऊन, दोन-दोन दिवस त्या भूमिकेतच राहून खेळायचे खेळ रुजले. या खेळांत प्रेक्षक नसतो. संहिता नसते. असते ती एक भूमिका, एक परिस्थिती आणि काही नियम. अशा खेळाने खेळणाऱ्यात खरा आणि टिकणारा बदल घडावा, यासाठी त्याची रचना कशी करावी, हा आता अभ्यासाचा विषय झाला आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात सारा लिन बोमन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करतात.

आपल्याकडेही शिबिरांत, शाळांत, प्रशिक्षणवर्गांत ‘रोल प्ले’ हा शब्द रुळला आहे. ‘तू सासू हो, तू सून हो’ किंवा ‘तू सरपंच, तू अर्जदार’ असे सांगून पंधरा मिनिटांत प्रसंग उभा केला जातो, टाळ्या होतात आणि पुढचे सत्र सुरू होते. या पंधरा मिनिटांत काही बिघडू शकते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते कसे बिघडते हे समजून घेण्यासाठी मात्र स्वीडनला जाण्याची गरज नाही. अशा खेळाच्या बिघाडाची अत्यंत अचूक चिकित्सा मराठीत १९६७ सालीच झालेली आहे. तिच्याकडे आपण रचनेचा दस्तऐवज म्हणून पाहिले नाही, इतकेच.

आडोसा आणि पाझर

आधी दोन संकल्पना स्पष्ट करून घेऊ. भूमिका-खेळाच्या अभ्यासकांना पहिली महत्त्वाची वाटते ती भूमिकेचा आडोसा. ‘हे मी बोललो नाही, माझे पात्र बोलले’ असे म्हणता येण्याची सोय म्हणजे आडोसा. लाजाळू माणूस राजा होऊन हुकूम सोडतो, कधीही नकार न देणारी बाई पात्राच्या तोंडून ‘नाही’ म्हणते, ते या आडोशामुळे. दुसरी संकल्पना पाझराची. पात्राच्या भावना खेळणाऱ्यात झिरपतात आणि खेळणाऱ्याच्या भावना पात्रात. एमिली केअर बॉस या खेळरचनाकार बाईंनी २००७ च्या सुमारास या घटनेला इंग्रजीत जे नाव दिले, त्याला मराठीत ‘पाझर’ हा शब्द नेमका बसतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तलावाच्या पाळीतून किती पाणी झिरपू द्यायचे आणि पाळ कधी फुटेल, याचा अंदाज इथल्या शेतकऱ्याला असावाच लागतो. भूमिका-खेळाची रचना करणाऱ्यालाही तोच अंदाज लागतो. पाझर शून्य असेल तर खेळ कोरडा जातो, कोणी बदलत नाही. पाझर आवरेनासा झाला तर माणूस वाहून जातो.

पाझराने माणूस बदलतो, याला आधार आहे. मानसनाट्याचे प्रवर्तक जेकब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले. त्यांच्या मंडळीतली बार्बरा ही नटी रंगमंचावर नेहमी सोज्वळ तरुणींच्या भूमिका करी. घरी मात्र तिचा संताप नवऱ्याला सोसवत नसे. मोरेनोंनी तिला रांगड्या, कडवट भूमिका द्यायला सुरुवात केली. रंगमंचावर संतापाला वाट मिळाली आणि घरातला संताप ओसरू लागला, अशी हकिकत मोरेनोंनीच नोंदवली आहे. ही वैद्याने सांगितलेली रोग्याची गोष्ट आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. पण १९६५ साली अर्विंग जॅनिस आणि लिऑन मान या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग अधिक काटेकोर आहे. सिगारेट ओढणाऱ्या काही तरुणींना त्यांनी, आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे डॉक्टर सांगत आहेत, असा प्रसंग स्वतः वठवायला लावला. इतर काही जणींनी अशाच प्रसंगाचे ध्वनिमुद्रण नुसते ऐकले. माहिती दोघींनाही तीच मिळाली. सिगारेट अधिक कमी केली ती वठवणाऱ्यांनी, आणि पुढच्या पाहणीतही हा फरक टिकून होता.

विडी आणि खर्ऱ्याच्या मुलखात या प्रयोगाचा अर्थ उघड आहे. व्यसनाविरुद्धचे नाटक पाहून उठणारा माणूस पानठेल्यावर थांबून घरी जातो, यात नवल नाही. त्याने ते ऐकलेले असते, वठवलेले नसते. भूमिका-खेळाचे सामर्थ्य या फरकात आहे. पण जे औषध लागू पडते ते बाधूही शकते.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’: एका खेळाची तपासणी

विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. त्यावर विपुल लिहिले गेले आहे. स्त्रीचे शोषण, मध्यमवर्गाचा दांभिकपणा, झुंडीची हिंसा या अंगांनी त्याची चर्चा झाली. आपण इथे एकच साधी गोष्ट लक्षात घेऊ: हे नाटक एका भूमिका-खेळाविषयी आहे. मुंबईची एक हौशी मंडळी खेड्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आली आहे. रात्रीच्या कार्यक्रमात आरोपी आहेत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रांचा. एक गडी आलेला नाही; त्याच्या जागी स्थानिक सामंतला उभे करायचे आहे. त्याला न्यायालयाची रीत कळावी म्हणून वेळ घालवायला एक लुटुपुटीचा खटला चालवायचे ठरते. प्रशिक्षणासाठी घेतलेला ‘रोल प्ले’, दुसरे काय!

आता या खेळाची रचना तपासू. पहिला दोष प्रवेशाचा. आरोपी कोण, हे बेणारे आत तोंड धुवायला गेलेली असताना ठरते. ती बाहेर येते तेव्हा आरोपी झालेली असते. खेळात उतरण्याआधी खेळ काय आहे हे कळणे आणि नको म्हणता येणे ही पहिली अट इथे मोडली आहे. सगळे हसत असतात, म्हणून तीही हसते. हसण्यालाच संमती मानले जाते.

दुसरा दोष नावाचा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. अध्यक्ष जॉन्सनवर खटला चालतो तेव्हा आरोपीच्या भूमिकेत जो उभा राहील, त्याच्यात आणि जॉन्सनमध्ये हजारो मैलांचे अंतर असते. तेच अंतर म्हणजे आडोसा. लुटुपुटीच्या खटल्यात मात्र आरोपीचे नाव ‘लीला बेणारे’ असेच आहे. भूमिका आणि माणूस एकाच नावाने पुकारले जातात. भ्रूणहत्येचा आरोप काल्पनिक म्हणून ठेवला जातो, पण तो नेमका तिच्या खऱ्या दुखण्यावर पडतो. तिला आडोसा उरतच नाही. उलट बाकी सर्वांना तो मिळतो: वकील, साक्षीदार, न्यायाधीश. एरवी जे तोंडावर बोलण्याचे धैर्य यांच्यापैकी कोणालाही झाले नसते, ते ते पात्राच्या नावाने बोलतात. खेळाची सर्व सोय एका बाजूला आणि सर्व जोखीम दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आहे.

तिसरा दोष नियमांचा. सुखात्मे फिर्यादीचा वकील आहे आणि बचावाचाही. न्यायाधीश काशीकर आसन सोडून साक्ष द्यायला येतो. सामंत हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि ती रचलेली साक्ष पुराव्यासारखी घेतली जाते. नियम खेळाचे रक्षण करण्यासाठी असतात. ते ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या सोयीने वाकू लागले की खेळ संपलेला असतो. नाव तेवढे खेळाचे राहते.

चौथा दोष दाराचा. नाटकाच्या सुरुवातीलाच बेणारेचे बोट दाराच्या कडीत सापडते आणि ती कडी बाहेरून कशी अडकते हे आपल्याला कळते. पुढे असह्य होऊन ती निघू पाहते तेव्हा दार उघडत नाही. समीक्षेने या कडीला प्रतीक म्हटले, ते बरोबरच आहे. पण खेळरचनेच्या दृष्टीने ती प्रतीकाच्याही आधी एक उणीव आहे. ‘थांबा’ म्हटल्यावर खेळ थांबतो, असा नियम इथे नाही. असता, तर दार बंद असूनही ती सुटली असती.

पाचवा दोष शेवटचा. निकालाची वेळ येते. आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत त्या दहा सेकंदांच्या पोटात घडते. आपण ते ऐकतो, मंडळींपैकी कोणी ऐकत नाही. दार उघडते, लोक डोकावतात, आणि सगळे भानावर येऊन तिची समजूत घालतात की हा नुसता खेळ होता. खेळानंतर वर्तुळ करून बसावे, काय झाले ते बोलावे, भूमिका उतरवून ठेवावी, ही या विद्येतली शेवटची पायरी. इथे तिच्या जागी एक वाक्य टाकून मंडळी मोकळी होतात.

आता सांगा, या खेळाने कोण बदलले? खेळणाऱ्यांतला एकही नाही. जिच्यावर पाझर आला ती उद्ध्वस्त झाली आणि ज्यांना आडोसा मिळाला ते होते तसे राहिले. सामंत भला माणूस आहे. शेवटी बेणारेजवळ हिरवा पोपट ठेवून जाण्याइतका भला आहे. पण खेळ चालू असताना त्याचा भलेपणा काहीच करू शकला नाही, कारण त्या भलेपणाला हात घालायला नियमाची फट नव्हती. चांगली माणसे असली की चांगला खेळ आपोआप होतो, या आपल्या आवडत्या समजुतीला इतके चोख उत्तर दुसरे नसेल.

चार वर्षांनी, १९७१ साली, अमेरिकेत फिलिप झिंबार्डो यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात लुटुपुटीचा तुरुंग उभारला. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी थांबवावा लागला. त्याच्या शास्त्रीयतेवर पुढे गंभीर आक्षेप आले; पहारेकऱ्यांना कठोर वागण्याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या, असे दिसून आले. पण तेंडुलकरांनी दाखवलेले दोष तिथेही ओळीने सापडतात. झिंबार्डो स्वतः प्रयोगकर्ताही होते आणि तुरुंगाचे अधीक्षकही. म्हणजे काशीकरच!

मंडईच्या रात्रीची रचना

या कसोट्या घेऊन पुन्हा झाडीपट्टीकडे येऊ. इथल्या लोकनाट्याचा आणि बोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने उभा केला. झाडीबोलीत ण, छ, श, ष, ळ हे वर्ण नाहीत, हे त्यांनी दाखवले. दंडार आणि खडी गंमत यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. त्यांच्या कामामुळे आपल्याला एक प्रश्न विचारता येतो: भूमिका कोणत्या भाषेत घेतली जाते?

दंडार गावकऱ्यांची. दिवसा धान कापणारा माणूस रात्री राजा होतो, बाई होतो, सावकार होतो आणि स्वतःच्या बोलीत बोलतो. आधी गण होतो, देवांना आवाहन होते, वाद्ये तापतात. आजचे अभ्यासक ज्याला खेळाआधीची तयारी म्हणतात, ती आपल्या परंपरेत कधीच कमी नव्हती. तमाशाचा गण आणि कीर्तनाचा पूर्वरंग हेच काम करतात. पुढे नाटक आले आणि वडसा-देसाईगंजला नाट्यमंडळांची पेठच उभी राहिली. झाडीपट्टीतले ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोगांत सुमारे आठशे भूमिका, असा त्यांचा परिचय दिला जातो. एका माणसाच्या अंगावरून आठशे माणसे गेली, ही लहान गोष्ट नव्हे. पण व्यावसायिक नाटकात पुष्कळदा असे होते की नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडी जाते. प्रेक्षकाला स्वतःची भाषा हसण्याच्या जागीच भेटू लागली, तर त्याच्यात पाझरणार काय? आपण हास्यास्पद आहोत, एवढेच.

दुसरी उणीव परतीची. गण आहे, पण गणाच्या तोडीचा परतीचा विधी नाही. पहाट होते, भैरवी होते, माणसे पांगतात. पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीपार्ट केले, लुगडे नेसून सुनेचे दुःख गायले; पण तेवढ्याने सकाळी घरातल्या सुनेशी बोलण्याची रीत बदलली नाही, कारण रात्रीच्या सुनेची आणि घरच्या सुनेची गाठ कोणी घालून दिली नाही. पुढे नाटकात स्त्रिया आल्या आणि पाझराची उलटी दिशा दिसली. रंगमंचावरच्या भूमिकेवरून नटीला जोखण्याची, भूमिकेचा डाग माणसावर लावण्याची सवय समाजात खोल आहे. आडोसा प्रेक्षकांना, जोखीम तिला. बेणारेच्या खटल्यातली वाटणी इथेही आहेच.

याच मातीतला एक लहान खेळ मला रचनेच्या दृष्टीने अधिक निर्दोष वाटतो. तो म्हणजे तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली मुले लाकडी बैल सजवतात, ओढत नेतात, घरोघरी बोजारा मागतात. एका दिवसापुरते मूल शेतकरी होते. काय खेळायचे ते सगळ्यांना ठाऊक असते. आडोसा भरपूर असतो. नियम गावाचे असल्यामुळे कोणी एकटा ते वाकवू शकत नाही. आणि बोजारा हातात पडला की खेळ संपल्याची खूण मिळते. बैल फळीवर जातो, मूल पुन्हा मूल होते. बदल म्हणाल तर इतकाच, की बैलाला पाणी पाजण्याचे काम त्याने आपले म्हणून करून पाहिलेले असते. अलीकडे सजावटीच्या स्पर्धा आणि बक्षिसे आली, तिथे मात्र बैल वडील सजवतात आणि मूल फोटोपुरते उभे राहते. बक्षीस भूमिकेला मारते, हीही रचनेतली शिकवणच.

कोणी ठरवायचे?

एक आक्षेप राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही. ‘बदल घडवणारा खेळ’ या शब्दांतच एक घमेंड आहे. कोणाचा बदल, कोणत्या दिशेने आणि ते ठरवणार कोण? सरकारी पथनाट्यापासून कंपनीच्या प्रशिक्षणापर्यंत सर्वत्र दिशा आधीच ठरलेली असते. खेळणाऱ्याने फक्त तिथे पोहोचायचे असते. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल यांनी यावर काढलेली तोड अशी: अन्यायाचा प्रसंग एकदा करून दाखवायचा, मग पुन्हा करायचा, आणि या वेळी कोणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून उठेल, पीडिताची जागा घेईल आणि वेगळे वागून पाहील. उत्तर सूत्रधाराकडे नसते. बंगालमध्ये ‘जन संस्कृति’ने १९९० च्या दशकापासून हे नाट्य खेडोपाडी नेले.

महाराष्ट्राला ही वाट सर्वस्वी परकी नव्हती. सत्यशोधकी जलसे आणि पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे यांत उत्तर देणारा माणूस रंगमंचावर उभा राहिला. ज्यांच्या वाट्याला गावात मान खाली घालण्याचीच भूमिका आली होती, त्यांनी मान वर करण्याची तालीम आधी जलशात केली. तिथे जखमेची भूमिका कोणी दुसऱ्याने वाटली नव्हती. ज्याची जखम, त्यानेच भूमिका निवडली आणि शेवटही त्यानेच बदलला. वर्गात एखाद्या दलित मुलाला ‘तू अस्पृश्य हो, म्हणजे बाकीच्यांना कळेल’ असे सांगणारे शिक्षक हेतूने वाईट नसतात. पण ते त्या मुलाला त्याच्याच नावाचा आरोपी करतात आणि इतरांच्या शिक्षणाची किंमत त्याच्याकडून वसूल करतात. स्वतःच्या दुखण्याची भूमिका स्वतः करण्याला मानसनाट्यात जागा आहे, पण तिथे प्रशिक्षित हात असतो, आणि शेवटी इतरांनी आपापले अनुभव सांगून त्या माणसाला एकटे न पडू देण्याची रीत असते. पंधरा मिनिटांच्या सत्रात यांपैकी काहीही नसते.

म्हणून भूमिका-खेळाचे मूल्यमापन तो किती रंगला यावर करणे चुकीचे ठरेल. बेणारेचा खटला भयंकर रंगला होता. कसोट्या वेगळ्या हव्यात. खेळात येणाऱ्याला आधी सांगितले होते का? त्याच्या आणि भूमिकेच्या मध्ये नावाएवढे तरी अंतर होते का? नियम बलवानालाही लागू होते का? ‘थांबा’ म्हटल्यावर खेळ थांबला का? आणि संपल्यावर, दिवा मालवण्याआधी, सगळे एकत्र बसले का?

झाडीपट्टीला यांतले बरेच काही देता येईल, कारण इथे माणसांना सोंगाची भीती नाही आणि रात्रभर जागण्याची सवय आहे. दंडारीच्या शेवटी, भैरवीनंतर, नटांनी रंग पुसत गावकऱ्यांपुढे अर्धा तास बसावे. सून झालेल्याने आज काय जाणवले ते सांगावे, आणि ते स्वतःच्या बोलीत सांगावे. घरच्या सुनेला वाटले तर तिनेही उठून एक प्रसंग पुन्हा करून पाहावा. यासाठी नवे नाट्यगृह लागत नाही, अनुदान लागत नाही. परतीचा विधी तेवढा नव्याने घालावा लागेल. सोंगे आपल्याकडे फार आहेत. थोडी पडते ती रात्र, आणि त्यातला अर्धा तास परतीसाठी राखून ठेवायचा आहे.